बिनहंगामी मुक्काम

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने लेख मागितला तेव्हा विषयाचे बंधन घातले नाही. शाळेच्या उभारणीविषयी, संस्थाचालकांच्या त्यागाविषयी, वसतिगृहातील पातळ आमटीविषयी आमच्याहून अधिक अधिकाराने लिहिणारी मंडळी या अंकात आहेतच. म्हणून आम्ही आमच्या अधिकारातील विषय निवडला आहे : ऐन उन्हाळ्यात जलाशयाकाठी परवडेल असा मुक्काम कसा शोधावा. गेली अकरा वर्षे आम्ही हा उद्योग करीत आहोत, आणि त्याबाबतीत आमचा शब्द मानावा इतपत अनुभव गाठीशी आहे.

आम्ही म्हणजे पाच जण. 1985 साली याच शाळेतून दहावी झालेले. एक बँकेत आहे, एक एसटीत वाहक होता तो आता निवृत्त झाला, एक ग्रामसेवक, एक वीज कंपनीत तारतंत्री आणि प्रस्तुत लेखक इतिहासाचा शिक्षक. मासे धरण्याचा नाद शाळेमागच्या ओढ्यावर लागला. वाकवलेली टाचणी, शिवणाचा दोरा आणि ओल्या मातीतले गांडूळ एवढ्या भांडवलावर बोटभर मासोळ्या हाती लागत. आचारीमामांनी त्या गुपचूप तव्यावर टाकून दिल्या की त्या दिवशीच्या भाकरीला चव येई.

धम्मसंस्थेच्या स्मरणिकेत मासेमारीचे गुणगान कसे, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात आलाच असेल. तो रास्त आहे. पंचशीलातील पहिले शील आम्हीही दर पौर्णिमेला म्हणतो. ग्रामसेवकाने तर पाच वर्षांपूर्वी गळ हाती धरणे सोडले. तो सोबत येतो, भात शिजवतो, आणि त्याच्या ताटात काय वाढले गेले याकडे आम्ही मुद्दाम पाहत नाही. उरलेले चौघे खाण्यापुरते धरतो. अलीकडे शहरातील हौशी मंडळी मासा गळाला लावतात, त्याच्यासह छायाचित्र काढतात, पुन्हा पाण्यात सोडतात आणि त्याला भूतदया म्हणतात. भूक नसताना एखाद्याच्या जबड्यात लोखंड रुतवण्यात दया कोठे आली, हे आम्हाला उमगलेले नाही. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत मात्र आम्ही पाण्याकडे फिरकत नाही. ते वर्षावासाचे तीन महिने, आणि माशांच्या विणीचा काळही त्यातच येतो. पावसाळ्यात भिक्खूंनी हिंडू नये, कोवळे अंकुर व बारीक जीव पायाखाली तुडवले जातात, असे कारण विनयात दिलेले आहे. त्याचा लाभ माशांनाही व्हावा.

आमचे ठिकाण म्हणजे भीमेवरील उजनी धरणाचा फुगवटा. धरण 1980 साली पूर्ण झाले. माढा तालुक्यात भिंत, आणि पाणी मात्र इंदापूर, करमाळा, दौंड, कर्जत असे थेट वरपर्यंत पसरलेले. पुणे-सोलापूर महामार्गाने पुण्याहून सुमारे 100 किलोमीटरवर भिगवण लागते. तेथून डावीकडे कोणत्याही वाटेला वळले तरी शेवटी पाणीच येते. निदान येत असे म्हणावे, कारण ते कोणत्या महिन्यात गेलात यावर अवलंबून आहे.

या भागातील खोल्यांचा भाव पक्ष्यांवर ठरतो. हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात, पट्टकादंब येतात, आणि त्यांच्या मागोमाग लांब नळीचे कॅमेरे घेतलेली माणसे येतात. त्या दिवसांत शनिवार-रविवारी जेवणासह माणशी 1,800 रुपये सांगणारा माणूस आम्ही ऐकला आहे, आणि तो भाव देऊनही जागा न मिळालेले लोक पाहिले आहेत. उन्हे तापली की पक्षी जातात, कॅमेरेही जातात. मग येतो आमचा मे महिना. शिक्षकाला सुट्टी मिळते ती मेमध्ये, हा सरकारने आमच्यावर केलेला एक अजाण उपकार होय.

मात्र मेमध्ये एक अडचण असते. उजनीची एकूण साठवण सुमारे 117 टीएमसी असली तरी त्यातील निम्म्याहून अधिक मृत साठा आहे. उन्हाळ्यात पाणी त्या रेषेच्या खाली गेले की वर्तमानपत्रे 'उजनी उणे' असे मथळे देऊ लागतात. मुलांना ऋण संख्या शिकवायला एवढे सोपे उदाहरण दुसरे नाही, असे आमचे गणिताचे सहकारी म्हणतात. पाणी उणे झाले की काठावरची खोली काठावर राहत नाही. ती असते तेथेच असते, काठ मात्र किलोमीटरभर पुढे निघून गेलेला असतो, आणि मधे भेगाळलेला गाळ, शंख-शिंपले व बाभळीची थुटे. पाटीवर 'जलाशयाच्या कुशीत' असे लिहिलेलेच असते.

म्हणून फोन केल्यावर आमचा पहिला प्रश्न भावाचा नसतो. आम्ही विचारतो, "आज पाणी कुठवर आहे?" जो म्हणतो "अगदी दारात", त्याला नमस्कार करून फोन ठेवावा. जो म्हणतो "लांब गेलंय हो, चालावं लागंल", त्याच्याशी पुढे बोलावे. दुसरा प्रश्न, आम्ही आणलेला मासा तुमच्या चुलीवर शिजेल का. तिसरा, जेवण वगळून किती. आणि फोन सोमवारी किंवा मंगळवारी करावा. शनिवारी प्रत्येक घरमालकाला आपली खोली भरणारच असे वाटत असते.

सुरुवातीची दोन वर्षे आम्ही सरकारी विश्रामगृहाच्या मागे लागलो होतो. भाडे नाममात्र, झाडी जुनी, खानसामा जाणता. अर्ज करावा, शिफारस जोडावी, खेटे घालावेत, आरक्षणाचा कागदही हाती यावा. आणि निघण्याच्या आदल्या संध्याकाळी निरोप यावा की साहेबांचा दौरा लागला आहे. दोन्ही वर्षी दौरा लागला. तो नाद सोडला.

मग फोनवरून खाजगी जागा शोधू लागलो. त्यात एका ठिकाणचा अनुभव नोंदवून ठेवतो, नाव न घेता. भाव ठरला, दिवस ठरले, बँकवाला आगाऊ रक्कम पाठवणार एवढ्यात पलीकडून विचारणा झाली : पूर्ण नाव काय? गाव कोणते? मूळ गाव? थांबा, वही बघून सांगतो. आणि वही पाहिल्यावर सर्व खोल्या भरलेल्या निघाल्या. मे महिना, बेचाळीस अंश ऊन, एकही पक्षी नाही, आणि सर्व खोल्या भरलेल्या! एका साधनावरून निष्कर्ष काढू नये हे आम्ही विद्यार्थ्यांना शिकवतो, म्हणून येथेही काढत नाही. वाहकाने मात्र तेव्हापासून आपली रीत ठरवून टाकली. फोन उचलला गेला की त्याचा पहिला शब्द 'जय भीम', मग पूर्ण नाव, मग काम. तो म्हणतो, नकार मिळायचाच असेल तर फोनवर मिळालेला बरा, पेट्रोल वाचते.

रिकाम्या जागेचा नकार ही आपल्या समाजाला नवी गोष्ट नाही. 1917 साली बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा ज्या पारशी धर्मशाळेत त्यांना नाव लपवून राहावे लागले ती ओसच पडली होती. फार दिवसांत कोणी पारशी प्रवासी फिरकला नव्हता, म्हणूनच तेथल्या रखवालदाराने चार पैसे मिळतील या आशेने त्यांना ठेवून घेतले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला. आपल्या वाचकांना पुढचे सांगायला नको. आमच्या वडिलांची पिढी प्रवासाला निघे ती भाकरी बांधून आणि पाहुण्यांचे घर विचारून. कोठे उतरणार, याचे उत्तर नेहमी कोणा माणसाचे नाव असे, जागेचे नाव कधीच नसे. त्यामुळे परक्या गावात अनोळखी दारावर उभे राहून खोलीचा भाव विचारावा, महाग म्हणून नाक मुरडावे, 'बघतो' म्हणून शेजारच्या दारी जावे, यात आम्हा पाचांना जो आनंद मिळतो तो शंभर-दोनशे रुपये वाचल्याचा नसतो. बायको याला कंजूषपणा म्हणते.

इतिहासाच्या मास्तरला येथे थोडे आडवाटेला जाण्याची मुभा असावी. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांपैकी दहाव्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे. हा क्षहरात नहपानाचा जावई. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक या चार ठिकाणी आपण प्रवाशांसाठी चौसोपी निवारे बांधले, तळी व विहिरी केल्या, आणि दमण, तापी, डहाणू इत्यादी नद्यांवर फुकट नावा ठेवल्या, असे तो सांगतो. निवारा, तळे आणि नाव एकाच दानात. आमची सहल त्यात पूर्ण बसते. त्याच लेण्यातील दुसऱ्या लेखात हिशेब आहे. गोवर्धनच्या कोष्टी श्रेणीकडे 2,000 कार्षापण ठेवले, दरमहा शेकडा एक व्याजाने, आणि त्यातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या 20 भिक्खूंना प्रत्येकी 12 कार्षापण चिवरासाठी द्यावेत. गणित करून पाहावे : वर्षाचे व्याज 240, आणि वीस गुणिले बारा म्हणजेही 240. पै शिल्लक नाही की पै कमी नाही. दोन हजार वर्षांपूर्वी पावसाळ्यातला मुक्काम कसा चालवावा, याची ही तरतूद. दरवर्षी नववीच्या वर्गाला हे गणित फळ्यावर करून दाखवतो. तारखांना जांभया देणारी मुलेही तेव्हा सावरून बसतात.

तर, शेवटी जागा मिळाली ती फोनवर नव्हेच. भिगवणच्या मासळी बाजारात सकाळी लिलाव चालतो. चिलापीचे ढीग, मधूनच कटला, रोहू, एखादी वाम. चिलापी हा मूळचा आफ्रिकेतला मासा, 1952 साली भारतात आणलेला. आता उजनीत त्याचेच राज्य आहे. लिलाव उरकला की विकणारेही चहाला बसतात आणि घेणारेही. तेथे एका नाववाल्याला विचारले. त्याने आमच्या काठ्या पाहिल्या, आमची वये पाहिली, आणि एका वस्तीचे नाव सांगितले. नाव येथे देत नाही. स्मरणिका दोन हजार घरांत जाते, आणि छापले की भाव वाढतो.

तेथे एका विस्थापित शेतकऱ्याच्या सुनेने पक्षी पाहणाऱ्यांसाठी दोन खोल्या बांधल्या आहेत. वर पत्रा, पुढे पडवी, अंगणात कडुलिंब. वाहकाने फाटकातूनच 'जय भीम' घातला. पडवीत बसलेले आबा "रामराम, या, सावलीला या" म्हणाले आणि वहिनींनी माठातले पाणी तांब्याभरून आणून दिले. मग घासाघीस सुरू झाली. त्या 700 म्हणाल्या, आम्ही 400. त्यांनी पिठले-भाकरी मध्ये घातली, आम्ही मासे मध्ये घातले, त्यांनी मसाला व तेल वेगळे धरले. माणशी 500 रुपयांवर तुटले. तारतंत्री खोली पाहण्याआधी मीटर पाहतो. त्याने दोन उघड्या वायरी बांधून दिल्या तेव्हा वहिनींनी आपणहून मसाला माफ केला. तेव्हापासून दर मे महिन्यात आम्ही तेथेच जातो आणि दरवर्षी तेवढीच घासाघीस करतो.

मासेमारीविषयी थोडक्यात. ज्यांचे पोट त्या पाण्यावर आहे त्यांना विचारल्याखेरीज गळ टाकू नये, आणि त्यांच्या जाळ्यांपासून लांब बसावे. आम्ही विचारले तेव्हा नाववाला हसला. "काठीनं किती धरणार हो गुरुजी, धरा की!" पहाटे चारला निघावे, गाळावरून रुळलेल्या पायवाटेनेच जावे, वरून वाळलेला दिसणारा गाळ आत ओला असतो आणि गुडघ्यापर्यंत गिळतो. कणकेच्या गोळीला चिलापी येते, गांडुळाला शिंगटा येतो. नऊ वाजले की उन्हापुढे काही चालत नाही. चौघांना मिळून दोन-तीन किलो मिळाले तर दिवस चांगला. अलीकडे जाळ्यांत सकर नावाचा एक काटेरी परदेशी मासा फार येतो. तो जाळे फाडतो आणि त्याला गिऱ्हाईक नाही. पुण्याचे सांडपाणीही याच पाण्याला येऊन मिळते, हे नाववाले शांतपणे सांगतात. पुण्याच्या पाहुण्यांना सांगताना थोडे अधिक शांतपणे सांगतात.

दुसऱ्या वर्षी आबा आमच्यासोबत पहाटे निघाले. पाणी त्या वर्षी फारच खाली होते. धरणाचे पाणी असे उतरले की पळसदेवचे बुडालेले जुने मंदिर उघडे पडते आणि ते पाहायला गर्दी लोटते. त्याच्या बातम्या होतात. आबांचे गाव मात्र बातमीशिवाय वर आले होते. गुडघाभर भिंती, विहिरीचे कठडे, एक फुटके जाते, गाळाने भरलेला उंबरा. आबा काठीने दाखवत होते : ही चावडी, हा मारुतीचा पार, हा आमचा गोठा, हा उंबरा. उंबऱ्यापाशी चप्पल काढून ते आत गेले. आत म्हणजे उघड्या गाळावर. आम्ही बाहेरच थांबलो.

परतताना नदीच्या अंगाला काठी करून ते म्हणाले, "आन् तिकडं राजवाडा हुता." आमच्या भागाबाहेरच्या वाचकांची गैरसमजूत होऊ नये म्हणून सांगतो, तेथे कोणी राजा राहत नव्हता. या पट्ट्यात महारवाड्याला राजवाडा म्हणत. नाव बदलले म्हणजे वस्ती बदलते, असा समज त्यामागे असावा. गावाच्या पाणवठ्याला घडीव दगडांच्या पायऱ्या होत्या, त्या अजून शाबूत आहेत. त्याच्या खालच्या अंगाला वस्तीचा पाणवठा, तेथे नुसता उतार. वस्तीच्या भिंती मातीच्या, त्यामुळे भिंत म्हणून काही उरलेले नव्हते. चुलींचे काळे दगड तेवढे ठिकठिकाणी होते. गाव आणि वस्ती दोन्ही एकाच पावसाळ्यात एकाच पाण्याखाली गेली.

वाहकाने विचारले, "आबा, नवं गावठाण आखलं तेव्हा वस्ती कुठं धरली?"

"खालच्या अंगालाच. येगळी."

"नकाशा काढणारा साहेब तर बाहेरचा होता. त्याला काय ठाऊक?"

आबा थोडा वेळ चालत राहिले. मग म्हणाले, "त्याला आमीच सांगितलं. तवा तसंच हुतं."

कोणी काही बोलले नाही. ऊन चढू लागले होते. त्या दुपारी वहिनींनी केलेले कालवण सर्वांनी एकाच पंगतीत बसून खाल्ले, आबाही आमच्यात होते, आणि बोलणे झाले ते सकर माशाविषयी.

त्या वर्षापासून आमच्या सामानात गळांबरोबर एक वही आणि दोरीचा गुंडा असतो. पाणी जितके उतरेल तितके मोजतो. मागील नऊ उन्हाळ्यांपैकी चार वर्षी वस्तीची जागा उघडी पडली. चुलींच्या दगडांवरून तेथे सतरा घरे असावीत असे दिसते. आबांना त्यांपैकी सहा घरांची नावे सांगता आली, तीही घरातल्या कर्त्या पुरुषाच्या पहिल्या नावाने, पुढचे काही नाही. सरकारी दप्तरात जमिनी मोजल्या आहेत. ज्यांना जमीन नव्हती त्यांची चूल कोठे होती हे कोणी मोजलेले आम्हाला आढळले नाही. हे काम फक्त मे महिन्यात होऊ शकते, पाणी उणे असताना, आणि तेथे चार-सहा दिवस राहायला परवडले तरच. हंगामातल्या भावाने ते आम्हाला कधीच जमले नसते, आणि हंगामात पाणी काठोकाठ असते.

आपल्या शाळेत इंदापूर, करमाळा, दौंड या तालुक्यांतून मुले येत होती, आजही येतात. ज्या माजी विद्यार्थ्यांची अगर पालकांची घरे उजनीच्या पाण्यात गेली, त्यांनी आपल्या वस्तीतील घरांची नावे आठवतील तशी कागदावर लिहून शाळेच्या कार्यालयात आमच्या नावे ठेवावीत. म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहिले तर उत्तम. घर कोणाच्या शेजारी होते, दार कोणत्या दिशेला होते, एवढेही पुरे. अजून अकरा घरे राहिली आहेत.

आणि कोणाला नुसतेच मासे धरायला जायचे असेल, त्यांनीही आम्हाला जरूर विचारावे. वहिनींचा क्रमांक तोंडी सांगू. मे महिन्याचा पहिला आठवडा धरावा, सोबत टोपी, ताडपत्री आणि डासांची अगरबत्ती न्यावी. भाव 700 सांगतील, 500 ला तुटेल.